बलोपासक समर्थ

मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात जांब नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या दक्षिणेस काही अंतरावरून गोदावरी वाहते. काळ्या मातीची शेते, मोजकी घरे आणि श्रीरामाचे मंदिर असे हे गाव एरवी कोणाच्या ध्यानातही आले नसते. परंतु सुमारे चारशे वर्षांपूर्वी येथे एका असामान्य पुरुषाचा जन्म झाला आणि गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. आज हे गाव जांब समर्थ या नावाने ओळखले जाते. ते असामान्य पुरुष म्हणजे समर्थ रामदास.

त्यांचे मूळ नाव नारायण. त्यांचे वडील सूर्याजीपंत ठोसर हे सूर्याचे निष्ठावंत उपासक होते. आईचे नाव राणूबाई. थोरला मुलगा गंगाधर तीन वर्षांचा असताना, शके १५३० म्हणजे इसवी सन १६०८ मध्ये, चैत्र शुद्ध नवमीच्या दिवशी नारायणाचा जन्म झाला. दररोज पहाटे उठावे, स्नान करावे आणि उगवत्या सूर्यास नमस्कार घालावे, असा सूर्याजीपंतांचा नेम होता, अशी परंपरा आहे. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला नेम म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. ते तो पाहत पाहत शिकतो.

गंगाधर स्वभावाने शांत, तर नारायण मोठा खोडकर आणि चपळ होता. झाडावर सरसर चढावे, एका फांदीवरून दुसरीवर झेप घ्यावी, पाण्यात सूर मारावा, सवंगड्यांना गोळा करून रानावनात भटकावे, यांत त्याचा दिवस सरे. घरी परतावे ते अंगभर धूळ आणि गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा घेऊन. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तक्रारी राणूबाईंच्या कानी पडत. पण या मोकळ्या खेळांनीच त्याच्या अंगी काटकपणा येत होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले असेल?

नारायण सात वर्षांचा असताना सूर्याजीपंतांचे निधन झाले. घराचा आधार गेला. गंगाधराने लहान वयातच संसाराचा भार उचलला. नारायणाच्या खोड्या मात्र थांबल्या नाहीत. एके दिवशी आईने त्याला रागे भरून, घरादाराची काही काळजी कर, असे बजावले. त्यानंतर नारायण कोठे दिसेनासा झाला. पुष्कळ शोध केल्यावर तो घरातीलच एका अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे मिटून बसलेला आढळला. तेथे काय करतोस, असे आईने विचारले, तेव्हा आपण साऱ्या जगाची काळजी वाहत आहोत, असे त्याने सांगितले. आईला हसू आले आणि थोडी चिंताही वाटली. या मुलाचे मन इतर मुलांसारखे नाही, हे तिने ओळखले.

त्या काळच्या रीतीप्रमाणे नारायण बारा वर्षांचा होताच त्याचा विवाह ठरला. १६२० साली आसनगाव येथे मांडव पडला. वऱ्हाडी जमले, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली. भटजींच्या मुखातून सावधान हा शब्द निघाला आणि नारायण खरोखरच सावध झाला. आपण काय करीत आहोत, आपल्याला आयुष्यात काय करावयाचे आहे, हे प्रश्न त्याच्या मनात एकदम उभे राहिले असावेत. क्षणार्धात तो बोहल्यावरून उडी मारून मांडवाबाहेर पडला आणि वाऱ्यासारखा धावत सुटला. वऱ्हाडी मागे लागले. पण रानवाटा तुडवून तयार झालेल्या त्या पायांना कोणी गाठू शकले नाही.

धावणे सोपे होते. पुढची वाट कठीण होती. नारायणाने गोदावरीचा काठ धरला आणि नाशिकची दिशा धरली. जांबेपासून नाशिक दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. खिशात पैसा नाही, पायांत वहाण नाही, सोबत कोणी नाही, असा बारा वर्षांचा मुलगा रोज जेवढे चालवेल तेवढे चालत राहिला. जी नदी आपल्या गावाजवळून वाहते, तिच्याच उगमाकडे आपण निघालो आहोत, एवढाच दिलासा त्याला होता. मागे आई डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत असेल, ही जाणीव त्याला नव्हती असे कसे म्हणावे? पण त्याने पाऊल मागे घेतले नाही.

नाशिकजवळ नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर टाकळी नावाचे गाव आहे. नारायणाने ते आपल्या साधनेसाठी निवडले. येथे त्याने रामदास हे नाव धारण केले आणि तो बारा वर्षे राहिला. त्याची दिनचर्या कडक होती. पहाटे उठावे, सूर्यनमस्कार घालावेत, नदीच्या पाण्यात कमरेइतके उभे राहून मध्यान्हापर्यंत जप करावा, मग पंचवटीत जाऊन माधुकरी मागावी, दुपारी ग्रंथ वाचावेत आणि ते स्वहस्ते उतरवून घ्यावेत, असा त्याचा क्रम होता. त्याने वाल्मीकिरामायण आपल्या हाताने लिहून काढले. ती हस्तलिखित प्रत धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन करून ठेवलेली आहे.

रामदास टाकळीस तेरा अक्षरांच्या राममंत्राचा तेरा कोटी जप करीत होते, असे सांगतात. तेरा कोटी ही संख्या ऐकूनच छाती दडपते. परंतु बारा वर्षांच्या दिवसांत ती वाटून पाहिली, तर एका दिवसाच्या वाट्याला सुमारे तीस हजार जप येतो.  सूर्यनमस्कारांचेही तसेच. ते रोज बाराशे नमस्कार घालीत, अशी परंपरा आहे. बारा वर्षांचा हिशेब केला, तर ही संख्या ५२ लाखांहून अधिक भरते. डोंगरासारखे दिसणारे काम दिवसादिवसांत वाटले म्हणजे माणसाच्या आवाक्यात येते, हे रामदासांनी कोवळ्या वयातच जाणले होते.

तथापि, ज्याने आयुष्यात कधी नमस्कार घातला नाही, त्याने एकदम बाराशे नमस्कार घालण्याचा हट्ट धरला, तर दुसऱ्या दिवशी त्याला अंथरुणातून उठणेही कठीण जाईल. नमस्कारात कंबर वाकते, तळहातांवर शरीराचा भार येतो, छाती जमिनीजवळ जाते आणि पुन्हा सारे अंग ताणून उभे राहते. खांदे, पाठ, पोट आणि पाय यांना एकाच वेळी श्रम पडतात. म्हणून आज बारा, काही दिवसांनी चोवीस, मग पन्नास, अशी पायरी पायरीने वाढ करावी लागते. श्रमाने स्नायू थकतात आणि विश्रांतीत ते पहिल्यापेक्षा बळकट होतात. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात. हाडांना आणि स्नायुबंधांना मात्र अधिक वेळ लागतो. जो घाई करतो, त्याचा उत्साह पुढे धावतो आणि शरीर मागे राहते.

आजचे धावपटूही हाच नियम पाळतात. मॅरेथॉन नावाच्या शर्यतीत ४२.१९५ किलोमीटर धावावयाचे असते. ती धावू इच्छिणारे लोक पहिल्याच दिवशी एवढे अंतर धावत नाहीत. आठवडाभरात एकूण किती धावलो, याची ते नोंद ठेवतात. पुढच्या आठवड्यात त्यात थोडीशीच भर घालतात. मध्येच एखाद्या आठवड्यात अंतर कमी करून शरीराला विसावा देतात. बहुतेक जण मित्रांच्या सोबतीने धावतात. पहाटेच्या थंडीत एकट्याला पांघरूण सोडवत नाही. पण कोपऱ्यावर सोबती आपली वाट पाहत उभा आहे, हे ठाऊक असले म्हणजे पाय आपोआप घराबाहेर पडतात. लांबच्या वाटेची तयारी कशी करावी, हे चारशे वर्षांपूर्वीच्या टाकळीतही असेच होते. रामदासांची वाट मात्र कोणत्याही शर्यतीपेक्षा लांब होती.

१६३२ साली ती वाट सुरू झाली. बारा वर्षांची साधना पुरी करून चोवीस वर्षांचे रामदास देश पाहण्यास निघाले. पुढली बारा वर्षे ते पायी फिरत होते. उत्तरेस हिमालयापर्यंत आणि दक्षिणेस रामेश्वरापर्यंत ते गेले, असे सांगतात. ऊन, पाऊस आणि थंडी यांना तोंड देत, मिळेल ते खात आणि जमिनीवर झोपत त्यांनी ही यात्रा केली. टाकळीस थंड पाण्यात उभे राहून आणि नमस्कार घालून कमावलेले शरीर येथे उपयोगी पडले.

रामदासांनी वाटेत जे पाहिले, ते मन विषण्ण करणारे होते. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. पाऊस नाही, धान्य नाही, गुरे मेली, गावेच्या गावे ओस पडली. अन्नासाठी लोक देशोधडीला लागले. त्यातच मोगल, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या लढाया चालू होत्या. फौजा ज्या वाटेने जात, त्या वाटेवरची पिके तुडवली जात. लोकांची शरीरे खंगली होती आणि मनेही खचली होती. आपल्या हातून काही होणार नाही, असे प्रत्येकास वाटू लागले होते. अंधाऱ्या कोपऱ्यात बसून जगाची काळजी वाहणाऱ्या नारायणाला आता ती काळजी उघड्या डोळ्यांनी दिसत होती. दुबळ्या शरीरात धीर टिकत नाही आणि एकटा माणूस संकटापुढे टिकत नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. लोकांना बळ मिळवून द्यावयाचे आणि त्यांना एकत्र आणावयाचे, असा त्यांनी निश्चय केला.

१६४४ च्या सुमारास यात्रा संपवून ते प्रथम जांबेस आले. घर सोडल्याला चोवीस वर्षे झाली होती. मुलाची वाट पाहून पाहून राणूबाईंची दृष्टी गेली होती. दारात एक गोसावी भिक्षेसाठी उभा आहे, असे त्यांना वाटले. पण आवाज कानी पडताच त्यांचे अंतःकरण हलले. त्यांनी चाचपडत पुढे येऊन त्याच्या चेहऱ्यावरून आणि दाट जटांवरून हात फिरवला आणि आपला नारायण ओळखला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. बारा वर्षांचे कोवळे पोर गेले होते. परत आला होता तो उन्हापावसात तापून निघालेला, बलदंड पुरुष. काही काळ आईजवळ राहून, तिचा आणि थोरल्या बंधूंचा निरोप घेऊन समर्थ कृष्णेच्या खोऱ्याकडे निघाले. या वेळी ते आईला सांगून गेले.

कृष्णाकाठच्या गावांत समर्थांनी आपल्या कार्यास आरंभ केला. चाफळ येथे त्यांनी १६४८ साली श्रीरामाचे मंदिर उभारले. त्याच काळात, सुमारे दहा वर्षांत, त्यांनी अकरा मारुतींची स्थापना केली. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव आणि शिंगणवाडी येथे एकेक, चाफळास दोन, तसेच बहे, शिराळे, मनपाडळे आणि पारगाव येथे एकेक, असे हे अकरा मारुती आहेत. आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत ते आढळतात. मारुती ही शक्तीची आणि सेवेची देवता. ज्याच्या अंगी समुद्र ओलांडण्याचे सामर्थ्य आहे, पण जो ते स्वतःसाठी वापरीत नाही, असे त्याचे चरित्र रामायणात आहे. तरुणांनी कोणाकडे पाहून शरीर कमवावे आणि ते कशासाठी खर्चावे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर समर्थांना मारुतीत सापडले.

मंदिर हे केवळ दर्शनाचे स्थान राहिले नाही. गावोगावी मारुतीच्या देवळापुढील अंगणात तरुण जमू लागले. कोणी जोर काढी, कोणी बैठका मारी, कोणी कुस्ती खेळे, कोणी नमस्कार घाली. कालपर्यंत जो एकटा होता, त्याला दहा सोबती मिळाले. एकाने पंचवीस जोर काढले, की दुसऱ्याला सव्विसावा काढण्याची ईर्षा होई; एखादा थकला, की इतर त्याला धीर देत. अशा सोबतीत व्यायामाचा कंटाळा टिकत नाही आणि नेमही सहसा मोडत नाही. शिवाय जे रोज एकत्र घाम गाळतात, ते संकटातही एकमेकांना सोडीत नाहीत. महाराष्ट्रातील कित्येक गावांत तालीम आणि मारुतीचे देऊळ शेजारी शेजारी दिसतात, ते या जुन्या नात्यामुळेच.

समर्थांच्या शिष्यांत कल्याणस्वामी हे अग्रगण्य होते. ते शरीराने धिप्पाड आणि सेवेत तत्पर होते. पुढे समर्थ साताऱ्याजवळच्या डोंगरी किल्ल्यावर राहू लागले, तेव्हा पायथ्याच्या उरमोडी नदीचे पाणी मोठमोठ्या हंड्यांत भरून कल्याणस्वामी ते गडावर वाहून नेत, असे सांगतात. ते हंडे आजही गडावर पाहावयास मिळतात. रिकामे हंडे उचलतानाही दमछाक व्हावी, असे ते भले थोरले आहेत. भरलेले हंडे खांद्यावर घेऊन उभा डोंगर चढणे हे एका दिवसाच्या बळाचे काम नव्हे. रोजच्या चढणीनेच ते खांदे तयार झाले असले पाहिजेत. याच कल्याणस्वामींच्या हातात लेखणीही तितकीच शोभे. समर्थांनी सांगावे आणि कल्याणांनी लिहून घ्यावे, अशा रीतीने महाडजवळच्या शिवथरच्या घळीत दासबोध हा ग्रंथ आकारास आला, अशी परंपरा आहे.

दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास आहेत. त्यात ईश्वरभक्तीबरोबरच रोजच्या व्यवहाराचेही मार्गदर्शन आहे. प्रयत्नाचे महत्त्व त्यात पुन्हा पुन्हा सांगितले आहे. चांगले अक्षर कसे काढावे, यावर तर एक संपूर्ण समास आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, ग्रंथाच्या पहिल्या पानावरील अक्षर आणि शेवटच्या पानावरील अक्षर सारखेच असावे, असे समर्थ तेथे सांगतात. आरंभी उत्साहाने सुंदर लिहिणारे पुष्कळ असतात. शेवटच्या पानापर्यंत तोच नेटकेपणा टिकवणारा विरळा. समर्थांनी व्यायामाला जो नियम लावला, तोच लेखनाला लावला. मनाला उपदेश करणारे त्यांचे २०५ श्लोक तर महाराष्ट्रातील घराघरांत मुलांना पाठ असत.

१६७६ साली शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेने समर्थ परळीच्या किल्ल्यावर राहावयास गेले. हाच किल्ला सज्जनगड या नावाने प्रसिद्ध आहे. महाराजांनी चाफळच्या देवस्थानासही १६७८ साली सनद करून दिली. १६८० साली महाराजांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १६८२ मध्ये, माघ वद्य नवमीस समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. महाराष्ट्रात तो दिवस दासनवमी म्हणून पाळला जातो.

समर्थ गेले, पण त्यांनी लावलेली सवय मागे राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, समर्थांच्या कार्यभूमीपासून जवळच असलेल्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. ते स्वतः नित्य नमस्कार घालीत आणि आपल्या संस्थानातील शाळांतूनही मुलामुलींकडून घालून घेत. पुढे हा व्यायाम भारताबाहेरही पोहोचला. आज जगातील अनेक देशांत लोक सकाळी उठून सूर्यनमस्कार घालतात.

आसनगावच्या मांडवातून धावत सुटलेल्या मुलाजवळ चपळ पाय होते. पण चपळ पाय पुष्कळांजवळ असतात. त्या पायांना बारा वर्षांचा नेम, बारा वर्षांची वाट आणि पुढे गावोगावचे सोबती मिळाले, म्हणून नारायणाचा समर्थ झाला. त्यांनी आपले बळ साठवून ठेवले नाही. दुष्काळाने खंगलेल्या आणि भीतीने वाकलेल्या लोकांना ताठ उभे करण्यासाठी ते खर्ची घातले. कृष्णाकाठच्या अंगणात ज्या तरुणाने पहिल्या दिवशी कसेबसे बारा नमस्कार घातले, त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. तो दुसऱ्या दिवशीही आला, आणि येताना शेजारच्या मित्राला घेऊन आला. समर्थांच्या कार्याचा पाया अशाच अनेकांनी घातला.